बोलेरोच्या आतल्या फ्लोअरला कोटिंग कुठलं मारू?

चिपळूणकर: मंडळी, जुनी बोलेरो आहे, पावसात ओले पाय, चिखल, मॅटखाली पाणी साचून ड्रायव्हर साइडच्या पत्र्याला गंज धरलाय, भोक नाही पडलेलं अजून. गॅरेजवाला म्हणतो खालून मारतात तेच काळं डांबरी कोटिंग आतून पण मारू, चालेल का?

गाडीवेडा: आतून डांबरी नको रे भाऊ! उन्हात गाडी तापली की वास मारतं, मऊ पण पडतं. ते खालच्या बाजूलाच ठीक. तू आधी मॅट, फेल्ट सगळं काढ, तारेच्या ब्रशने गंज घास, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं पक्क्या थरात रूपांतर करणारं द्रव) लाव, मग टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर (साधा लाल प्रायमर) थांबू नकोस, त्यातून ओल आत जाते.

चिपळूणकर: आणि प्रायमरवर काय दादा?

सांगलीचा पेंटर: पिकअपच्या हौद्यात मारतात ते पीयू (पॉलियुरेथेन) बेडलायनर कोटिंग मारा, खरखरीत असतं, पाय घसरत नाही, मॅटने घासलं तरी टिकतं. स्प्रे करणार असाल तर साधा कापडी मास्क चालत नाही हो, त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसाला वाईट, मोकळ्या जागेत आणि योग्य रेस्पिरेटर लावूनच करा. फ्लोअरला पाणी जायची रबरी बुचं असतात ती कोटिंगखाली बुजवू नका. आणि हे सगळं पावसाळ्याआधी, पत्रा कोरडा ठणठणीत असताना.

गाडीवेडा: +१, आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोध, दाराचं रबर, काचेची कड बघ, नाहीतर कोटिंगवर खर्च करून उपयोग नाही.