सीईए वाढतोय, पेट-सीटी स्वच्छ. अँटिबॉडी स्कॅनचा उपयोग होईल का?

नमस्कार मंडळी,

न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या जाणकारांकडून माहिती हवी आहे. उपचार चालू आहेतच, डॉक्टरांवर भरवसाही आहे. पुढच्या भेटीत नेमकं काय विचारायचं ते ठरवायचंय.

सासऱ्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. त्यानंतर सीईए (आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी बनवतात ते प्रथिन, रक्तात मोजतात) ३च्या आत होता. आता एकाच लॅबमध्ये ओळीने ४.८, ९ आणि १६ आलाय. सिगारेट कधी ओढली नाही, लिव्हरचे रिपोर्ट ठीक. कोलोनोस्कोपी, सीटी, पेट-सीटी तिन्हीत काही सापडलं नाही. ऑपरेशनच्या बायोप्सी रिपोर्टवर 'म्युसिनस' असा शेरा आहे.

शोधताना कळलं की सीईएला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला किरणोत्सारी आयोडीन जोडून गाठी शोधता येतात, हे गोल्डनबर्ग यांच्या गटाने १९७८ मध्येच रुग्णांवर दाखवलं होतं. मग हा स्कॅन आम्हाला कुणी सुचवला कसा नाही? शिवाय रक्तातच एवढा सीईए फिरतोय, तर अँटिबॉडी तिथेच अडकून पडणार नाही का?

प्रतिसाद १

शेवटचा प्रश्न आधी घेतो. रक्तातल्या सीईएला थोडी अँटिबॉडी चिकटते, पण तरीही गाठी दिसतात, हे त्या सुरुवातीच्या कामातच दिसलं होतं. खरी अडचण निराळीच आहे. अँटिबॉडी हा अवाढव्य रेणू, रक्तातून निघून जायला त्याला दिवस लागतात. तोवर रक्तच चमकत राहतं आणि लहान गाठ त्यात बुडून जाते. पेटमधलं एफडीजी (किरणोत्सारी साखर) टोचल्यावर साधारण तासाभरात फोटो काढतात. झिर्कोनियम-८९ हा किरणोत्सारी पदार्थ लावलेल्या अख्ख्या अँटिबॉडीसाठी बरेच दिवस थांबून परत बोलावतात. त्या झिर्कोनियमचं अर्धायुष्य ७८ तासांचं आहे म्हणून हे जमतं. टेक्नेशियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचं फक्त ६ तास, त्यामुळे त्याच्यासोबत अँटिबॉडीचा तुकडा वापरायचे. सीईएसाठी असा स्कॅन १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला होता, पुढे एफडीजी पेटने त्याची जागा घेतली.

दुसरं म्हणजे लिव्हर. अख्खी अँटिबॉडी बऱ्याच अंशी तिथेच मोडली जाते, त्यामुळे इंडियम किंवा झिर्कोनियम लावलं की लिव्हर भक्क उजळतं. आणि आतड्याचा कॅन्सर पसरतो तो बहुतेकदा आधी तिथेच!

'म्युसिनस' शेरा मात्र महत्त्वाचा. अशा गाठीत पेशी कमी, चिकट द्रव जास्त, म्हणून एफडीजी कमी खेचलं जातं. पेट स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका. लिव्हरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय झालाय का? पेरिटोनियमवरची (पोटाच्या आतल्या अस्तरावरची) बारीक पसरण तर कुठल्याच स्कॅनमध्ये धड दिसत नाही.

प्रतिसाद २

एक भर घालते. उंदरापासून बनवलेली अँटिबॉडी दिली तर काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. सीईएच्या लॅब किटमध्येही बहुधा उंदराच्याच अँटिबॉडी असतात, त्यामुळे पुढचे आकडे खोटे चढू शकतात. म्हणजे ज्या आकड्यावर सगळी भिस्त, तोच बिघडायचा. अशा अँटिबॉडी स्कॅनच्या एखाद्या ट्रायलमध्ये भाग घेतलात तर अँटिबॉडी कोणत्या प्रकारची ते विचारा आणि लॅबला आवर्जून कळवा.

आणि डॉक्टरांना सरळ विचारा: एकच ठिकाण सापडलं तर ऑपरेशन करणार का? करणार असाल तर शोधाशोध लांबवण्यात अर्थ आहे. सासऱ्यांची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी नसेल तर मी तरी आणखी एका स्कॅनमागे धावणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. लिव्हरचा एमआरआय झालेला नाही, पोटाचा सीटीच झालाय. तब्येत चांगली आहे, रोज चालतात. एमआरआयबद्दल उद्याच फोन करते. एक शंका उरली: म्युसिनस आहे हे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना माहीत नसावं, फॉर्मवर ते लिहिलंच नव्हतं. बायोप्सी रिपोर्ट जोडून जुनीच पेट-सीटीची सीडी पुन्हा वाचून घेता येते का?

प्रतिसाद १

येते, आणि जरूर घ्या. सोबत आधीचे सगळे सीटीही द्या, फरक शेजारी शेजारी ठेवूनच कळतो.