डीमन स्लेयर – हिनोकामी क्रॉनिकल्स: पहिला भाग घ्यावा की दुसरा? एका लॅपटॉपवर दोघांना खेळायचाय

सापशिडी
घरातले दोघे भाऊ (वय 13 आणि 16) इन्फिनिटी कॅसल (डीमन स्लेयर या जपानी ॲनिमेचा चित्रपट) थेटरात पाहून आल्यापासून या गेमच्या मागे लागलेत. लॅपटॉप असा: 8 जीबी रॅम, जीटीएक्स 1650, ग्राफिक्स मेमरी 4 जीबी. पॅड एकच आहे, साधा, वायरवाला. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) पहिला भाग, दुसरा भाग, डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जादा तुकडे), डिलक्स असं बरंच काही दिसतंय. नेमकं काय घ्यायचं? कथा दोघांना मिळून खेळता येते का? आणि या लॅपटॉपवर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

उंबरठा
मधला प्रश्न आधी, कारण पैसे वाया जातात ते तिथेच. कथा दोघांना मिळून खेळता येत नाही. दोन्ही भागांत स्टोरी मोड एकट्याचाच आहे. दोघे समोरासमोर येतात ते व्हर्सस (एकमेकांविरुद्ध लढायच्या) मोडमध्ये. तिथे प्रत्येकाने एक लढवय्या आणि एक साथीदार निवडायचा, आणि एकाच पडद्यावर लढायचं. कथा पाळीपाळीनेच होणार, हे दोघांना खरेदीच्या आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी महाभारत.

आता कुठला भाग. दोन्ही सायबरकनेक्ट2 ने बनवलेत, म्हणजे नारुतोची स्टॉर्म मालिका केली तीच मंडळी, त्यामुळे साचा ओळखीचा वाटेल. पहिला भाग ऑक्टोबर 2021 चा (स्विचवर 2022 च्या जूनमध्ये आला). त्याची कथा ॲनिमेतल्या फायनल सिलेक्शन या भागापासून मुगेन ट्रेन या भागापर्यंत जाते. दुसरा 5 ऑगस्ट 2025 चा. त्यात एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट, तलवार घडवणाऱ्यांचं गाव आणि हाशिरांचं (सगळ्यात बलवान तलवारबाजांचं) प्रशिक्षण येतं. म्हणजे मुलांनी थेटरात जे पाहिलं, त्याच्या उंबरठ्यावर दुसऱ्या भागाची कथा थांबते. (आयडीचा आणि या वाक्याचा संबंध नाही.) नायक तांजिरोची आधीची वाटचाल चाखवणारा वेगळा मोडही त्यात आहे, त्यामुळे पहिला न खेळता दुसरा सुरू केला तरी काही अडत नाही.

व्हर्सस हाच मुख्य हेतू असेल तर सरळ दुसरा घ्या. पात्रं चाळीसच्या वर आहेत आणि नऊच्या नऊ हाशिरा खेळायला मिळतात. पहिल्यात सुरुवातीला 18 होती, त्यातली 6 म्हणजे शाळेच्या गणवेशातली तीच माणसं. पुढे दैत्य फुकट अपडेटमधून आले.

पहिल्या भागाचा एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्टवाला पात्रांचा पास विकत घेऊ नका. तेंगेन, डाकी, ग्युतारो ही मंडळी दुसऱ्या भागात मूळ खेळातच आहेत. पास घेऊन नंतर दुसरा भाग घेतलात तर त्याच माणसांचे पैसे दोनदा गेले. डिलक्सचं मोठं आकर्षण होतं ते 31 जुलैपासून आधी खेळायला मिळण्याचं. ती वेळ कधीच उलटून गेली, साधी आवृत्ती पुरे.

पहिला भाग कधी घ्यावा? सेलमध्ये स्वस्त दिसला आणि लॅपटॉप दुसऱ्याला झेपला नाही तर. कथा आठेक तासांत उरकते. मधेमधे चालत फिरून चमकणारे ठिपके गोळा करायचे तुकडे आहेत, ते कंटाळवाणे आहेत. रुई आणि अकाझा या दैत्यांच्या लढतींसाठी ते सोसावेत.

निळा_फेटा
लॅपटॉपचं मी सांगतो.

1650 वर पहिला भाग छान चालतो. दुसऱ्यासाठी अंदाज बांधत बसण्यापेक्षा विकत घेऊन तपासा, कारण स्टीमचा परतावा आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि एकूण खेळ 2 तासांपेक्षा कमी. मात्र हे 2 तास गेम उघडा राहिला की मोजले जातात. मेनूवर सोडून जेवायला गेलात तरी मीटर चालूच.

तपासणी अशी करा. आधी स्टीमच्या सेटिंगमधून कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा चालू करा. मग कथेला हात न लावता थेट सरावाच्या मोडमध्ये जा, रिझोल्यूशन 1920 बाय 1080, सावल्या आणि इफेक्ट्स सगळ्यात खाली. एक अल्टिमेट (पात्राचा सगळ्यात मोठा वार) मारा. पहिल्या वेळी झटका बसला तर घाबरू नका, अनरीयल इंजिनच्या बऱ्याच गेममध्ये इफेक्ट पहिल्यांदा दिसताना असं होतं. तोच अल्टिमेट परत मारा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही आकडा 60 वरून 40 वर येत असेल तर रिझोल्यूशन 1600 बाय 900 करून बघा. तरीही तेच, तर परत करा. ही सगळी तपासणी अर्ध्या तासात होते.

त्याआधी तीन गोष्टी बघा, बहुतेक वेळा दोष यांच्यातच असतो.

चार्जर लावलेला हवा. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाचा वेग मुद्दाम कमी केला जातो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेमची फाइल जोडा आणि हाय परफॉर्मन्स निवडा. नाहीतर प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर गेम सुरू होतो आणि लोक 1650 ला शिव्या देतात.

आणि रॅम. 8 जीबीची एकच पट्टी असेल तर शेजारच्या खाचेत तेवढीच दुसरी बसवा. रॅम 16 जीबी होतेच, शिवाय दोन पट्ट्यांशी प्रोसेसर एकाच वेळी बोलतो, त्यामुळे मधेच अडखळणं कमी होतं. सध्याची पट्टी डीडीआर4 आहे की 5 हे आधी बघा, खाचा वेगळ्या असतात, बसणार नाही.

दुसरा पॅड घ्याच. एकाने कीबोर्डवर खेळायचं म्हणजे त्याला मुद्दाम हरवणं आहे. साध्या पॅडांची नेहमीची तक्रार अशी की विंडोजला पॅड दिसतो, गेमला दिसत नाही. कारण तो जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीवर असतो आणि हल्लीच्या गेमना एक्सइनपुट लागतं. बहुतेक पॅडांवर मोडचं किंवा मधलं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं की दिवा बदलतो, मग होतं. नाहीच झालं तर त्या गेमपुरतं स्टीम इनपुट (स्टीमची पॅड जुळवून घ्यायची सोय) चालू करा.

सापशिडी
दोघांचेही मनापासून आभार. कथेचं आधी सांगितलंत ते फार बरं केलंत. दुसरा भाग घेतला, 900 वर आकडा 60 ला टिकतोय, सावल्या बंद. नवीन अडचण अशी की थोरला एकच स्किल (पात्राचा खास वार) दाबत सुटतो आणि जिंकतो, धाकटा पॅड फेकून उठतो. धाकट्याला काय शिकवावं? आणि दुसरा पॅड (पीएस4 चा) एकदा दाबला की दोनदा लागतो, तो बिघडलाय का?

निळा_फेटा
पॅड ठणठणीत आहे. डीएस4विंडोज (पीएस4 चा पॅड पीसीवर चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्टीम इनपुट दोन्ही एकाच वेळी चालू असणार. एकाच पॅडचे दोन पॅड होतात आणि प्रत्येक दाब दोनदा पोचतो. डीएस4विंडोज पूर्ण बंद करा, घड्याळाजवळच्या बाणाखाली लपलेलं असतं तिथूनही. मग स्टीम परत सुरू करा.

खडीसाखर
धाकट्याची केस माझ्याकडे द्या. :)

या खेळात हरणारा माणूस रक्ताच्या पट्टीकडे बघतो आणि जिंकणारा गेजकडे (वार करायला लागणाऱ्या ताकदीच्या पट्टीकडे). स्किलच्या गेजला पाच खाने असतात. एक स्किल मारलं की एक खाना जातो, आणि खाने थोड्या वेळाने आपोआप भरतात. म्हणजे थोरला एकच स्किल दाबत सुटतो तेव्हा पाच वेळा दाबून झाल्यावर तो रिकामा असतो. धाकट्याने गार्ड (बचाव) धरून किंवा बाजूला सरकून फक्त मोजायचं: एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुढे जाऊन मारायचं. दोन संध्याकाळी एवढंच करू द्या. थोरला गोंधळून जाईल, कारण त्याचं जिंकणं दुसऱ्याच्या घाबरण्यावर उभं आहे.

पण नुसता गार्ड धरून बसलेल्याला पकड लागते, गार्ड तिथे कामाचा नाही. म्हणून मोजताना पाय हलते ठेवायचे. बाजूला, मागे नाही. मागे सरकणाऱ्याला झेप घेणारी स्किल्स बरोबर गाठतात.

थोरला झेनित्सु घेत असेल असं वाटतं. ते पात्र एका रेषेत वीज चमकावी तसं येतं. येताना अडवायला जायचं नाही, आधी आडवं सरकायचं आणि तो शेजारून निघून गेला की पाठीत साधा कॉम्बो (सलग वार) लावायचा.

आता मारायचं कसं. नवशिक्यांची चूक ठरलेली: अल्टिमेटचा वेगळा गेज भरला की लगेच लांबून अल्टिमेट. समोरचा सरकतो, अल्टिमेट हवेत, गेज रिकामा. अल्टिमेट कॉम्बोच्या शेपटाला लावायचा. साधा कॉम्बो, त्याच्या शेवटी एक स्किल, स्किल लागतंय तोच साथीदाराला हाक. साथीदार समोरच्याला अडकवून ठेवतो तेवढ्यात परत साधा कॉम्बो, आणि मग अल्टिमेट. सरावाच्या मोडमध्ये हा क्रम दहापैकी आठ वेळा जुळेपर्यंत करायचा, पुतळ्याला उभा ठेवून. स्किल लवकर दाबलं तर कॉम्बोचा शेवटचा घाव कापला जातो. उशिरा दाबलं तर समोरच्याचा गार्ड परत येतो. तलवारीचा शेवटचा घाव अंगावर फुटतो त्याच क्षणी दाबायचं, डोळ्यापेक्षा कानाने पकडायला सोपं जातं.

साथीदाराच्या गेजबद्दल एक: साथीदाराला बोलावणं आणि मार खाताना मधूनच निसटणं, दोन्हींचा खर्च त्याच एका गेजमधून होतो. हल्ल्यात सगळा उधळलात तर लांब कॉम्बोत सापडल्यावर सुटायला काही उरत नाही. धाकट्याला सांगा, पहिल्या फेरीत साथीदाराला हल्ल्यासाठी बोलवायचंच नाही, फक्त निसटायला वापरायचा.

बूस्ट (थोडा वेळ ताकद वाढवणं) आणि सर्ज (त्याची वरची पायरी) हे अल्टिमेटच्याच गेजवर चालतात. बूस्टला एक गेज, आणि बूस्ट चालू असताना आणखी एक घातला की सर्ज. सर्जमध्ये तेवढ्यापुरते स्किलचे खाने खर्च होत नाहीत, तेव्हा पाचची मोजणी लागू नाही. समोरचा सर्जमध्ये दिसला की लांब पळा, वेळ संपू द्या.

पात्र: पाण्याच्या श्वासाचा (त्या तलवारशैलीचा) तांजिरो घ्या. कंटाळवाणा पण प्रामाणिक, सगळं शिकवतो. मग शिनोबू, तिच्या विषाने हळूहळू रक्त उतरत राहतं, त्यामुळे सारखं अंगावर जायची गरज पडत नाही.

गिअर म्हणून जो नवा प्रकार आहे तो दोघांनीही सध्या लावू नका. कोण का जिंकलं ते कळेनासं होतं. जोडीने मारायचे दुहेरी अल्टिमेट ठरावीक जोड्यांनाच मिळतात, तेही नंतर.

उंबरठा
खडीसाखर यांना +1, फक्त पात्राबाबत मतभेद. एकच स्किल दाबणाऱ्या थोरल्यासमोर शिनोबू नको, उरोकोडाकी द्या. म्हातारा जमिनीवर सापळे लावून ठेवतो. आंधळेपणाने पुढे धावणारा त्यात आपल्या पायांनी येऊन अडकतो. दोन-तीनदा अडकला की धावणं आपोआप थांबतं.

खडीसाखर
सापळे लावायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तेरा वर्षांचा मुलगा मार खातो. पण ठीक, तिसऱ्या आठवड्यात द्या.

सापशिडी
झेनित्सुच आहे! कसं ओळखलंत? पाचपर्यंत मोजायचं शिकवलं, कालच्या सहापैकी दोन लढती धाकट्याने घेतल्या. आता थोरल्याला पुण्यातल्या मित्राशी ऑनलाइन खेळायचंय, मित्राकडे पीएस5 आहे. आणि दिवाळीत याच धर्तीचं दुसरं काही घ्यायचं तर?

निळा_फेटा
पीसी आणि पीएस5 एकमेकांशी जोडले जात नाहीत. मित्राने स्टीमवर घ्यावा किंवा तुम्ही कन्सोलवर. खेळाडू कमी असल्याने रँकिंगमध्ये बऱ्याचदा समोरचा दूर देशातला मिळतो. 60 एफपीएसला एक फ्रेम (एक चित्र) 16.7 मिलिसेकंदांची. पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) 100 मिलिसेकंद असेल तर एका बाजूचा प्रवास साधारण 50, म्हणजे तीन फ्रेम उशीर. तेवढ्यात वेळ साधून मारायच्या गोष्टी चुकतात आणि झेनित्सु अचानक अजिंक्य वाटायला लागतो. म्हणून ओळखीच्यांशी कस्टम मॅच करा, तीही लॅनच्या वायरवर. वायर शक्य नसेल तर निदान 5 गिगाहर्ट्झचं वायफाय आणि राउटर त्याच खोलीत. टीव्ही जोडला असेल तर त्याचा गेम मोड चालू करा, काही टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात इंटरनेटपेक्षा जास्त उशीर करतात.

उंबरठा
दुसरं काही म्हणाल तर ब्लीच: रीबर्थ ऑफ सोल्स, मार्च 2025 चा. तिथे नुसतं रक्त कमी करून कोणी मरत नाही. रेइशीची पट्टी खाली आणायची, मग किकोन नावाचा घाव घालून कोनपाकूचे नग फोडायचे, सगळे नग संपले की हार. हरता हरता उलटायची संधी मोठी असते, धाकट्याला आवडेल. जुजुत्सु कायसेन: कर्स्ड क्लॅश मात्र नको. दोन विरुद्ध दोनची कल्पना चांगली, पण कथा स्थिर चित्रं सरकवून उरकलीय.

दोन्ही घ्यायच्या आधी तो अर्ध्या तासाचा, दोनदा अल्टिमेट मारून बघायचा प्रकार करालच.

सापशिडी
करणार. एक शेवटचं, पीएस4 चा पॅड वायरने लावला की चार्ज होतो पण लॅपटॉपला दिसत नाही. ब्लूटूथवर चालतो.

निळा_फेटा
केबल बदला. ती पॉवर बँकेसोबत आलेली असणार, तसल्या बऱ्याच केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात, नुसती चार्जिंगची जोडी असते. त्याच केबलने फोन लॅपटॉपला लावून बघा. फाइली दिसल्या नाहीत तर तीच गुन्हेगार.