‘सीमा’, ‘नियंत्रण रेषा’ आणि ‘प्रत्यक्ष ताबा रेषा’

प्रश्न : भारत-पाकिस्तान आणि भारत-चीन तणावाच्या बातम्यांत हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांत अर्थभेद मानावा काय?

उत्तर : अवश्य मानावा, कारण त्या रेषेला दोन्ही पक्षांची कितपत संमती आहे, हेच या शब्दांतून कळते. ‘आंतरराष्ट्रीय सीमा’ म्हणजे जिथे एका देशाचे सार्वभौमत्व संपून दुसऱ्याचे सुरू होते ती रेषा. गुजरात, राजस्थान आणि पंजाबात पाकिस्तानशी लागून आहे ती अशी. जम्मू-काश्मीरमध्ये १९४९ च्या कराची कराराने ‘युद्धबंदी रेषा’ ठरली. १९७१ च्या युद्धानंतर, सिमला करारानुसार १९७२ मध्ये तिच्या जागी ‘नियंत्रण रेषा’ आली. हे निव्वळ नामांतर नव्हते. युद्धबंदी रेषेबरोबर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षकही आले होते. सिमला करारानंतर त्यांचे काम उरले नाही, अशी भारताची भूमिका आहे. नियंत्रण रेषा दोन्ही सैन्यांनी नकाशांवर आखून मान्य केलेली आहे, मात्र ती ‘एन जे ९८४२’ या बिंदूशी थांबते. त्यापुढे ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढेच शब्द कराची करारात होते आणि त्याच मोघम शब्दांच्या दोन अर्थांतून १९८४ मध्ये सियाचीनचा संघर्ष उभा राहिला.

चीनबाबत प्रकरण अधिक अवघड आहे. तेथील रेषेचा (‘लाइन ऑफ ॲक्च्युअल कंट्रोल’चा) उल्लेख १९९३ च्या करारात आला खरा, पण ती नेमकी कुठून जाते यावर एकमत झालेले नाही. नकाशांची देवाणघेवाण केवळ मध्य क्षेत्रापुरती (हिमाचल प्रदेश-उत्तराखंडलगतच्या भागापुरती) झाली. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर धरतो, चीन सुमारे २,००० किलोमीटर. म्हणून ‘प्रत्यक्ष नियंत्रण रेषा’ यापेक्षा ‘प्रत्यक्ष ताबा रेषा’ हा पर्याय मला सरस वाटतो. ताबा वेगळा आणि मालकी वेगळी, हे मराठी माणसाला जमीन-महसुलाच्या व्यवहारामुळे सांगावे लागत नाही. शिवाय पाकिस्तानकडील रेषेशी होणारा घोटाळाही टळतो.

रेषेवर एकमत नाही, म्हणूनच ‘घुसखोरी’ हा शब्द चीनबाबत जपून वापरावा. दोन्ही देशांच्या गस्ती तुकड्या आपापल्या समजुतीच्या रेषेपर्यंत जातात आणि मधल्या पट्ट्यात समोरासमोर येतात. १९९६ च्या कराराने या रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार, सुरुंगस्फोट, इतकेच काय, बंदुकीने शिकार करण्यासही मनाई केली. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाले, तेव्हाही गोळी झाडली गेली नव्हती; झटापट दगड आणि दांडक्यांनी झाली. तिला ‘चकमक’ म्हणता येईल, ‘युद्ध’ नव्हे.

पुरवणी प्रश्न : ‘युद्धबंदी’, ‘शस्त्रसंधी’ आणि ‘तह’ हे समानार्थी आहेत काय?

उत्तर : पहिले दोन शब्द बातम्यांत एकाच अर्थाने रुळले आहेत, तेव्हा त्यांत फार कीस काढण्यात अर्थ नाही (‘युद्धबंदी’चा युद्धकैदी असाही अर्थ होतो, एवढे मात्र भान ठेवावे). ‘तह’ मात्र निराळा : त्यात युद्धाचा शेवट आणि पुढील अटी दोन्ही येतात. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीचा करार झाला, तह आजतागायत झालेला नाही. त्यामुळे ते युद्ध त्या दिवशी ‘संपले’ असे न लिहिता ‘थांबले’ असे लिहिणे अधिक बिनचूक ठरेल.