लायब्ररीने न विचारता रिट्राय करावा का?

सातपूरकर
निफाड-पिंपळगावच्या अडत्यांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. लिलाव झाला, काट्यावर वजन झालं, की हिशोबपट्टी दुसऱ्या एका सर्व्हिसकडे जाते आणि तिथून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडतात. परवा एकाच ट्रॉलीचे पैसे दोनदा पडले. आमच्या कोडमध्ये रिट्राय, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं, नव्हताच. टाइमआउट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, की आम्ही वापरतो ती एपीआय लायब्ररी (दुसऱ्या सर्व्हिसशी बोलणारा तयार कोड) तीच पोस्ट रिक्वेस्ट (नवी नोंद करायला सांगणारी) परस्पर पुन्हा पाठवत होती. पहिली रिक्वेस्ट पोचली होती, उत्तर तेवढं वाटेत हरवलं.

माझं ठाम मत झालंय: लायब्ररीने डीफॉल्टमध्ये एकही रिट्राय ठेवू नये. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नसतं. झालं की नाही, एवढंच कळलेलं नसतं. पुढे काय करायचं ते ज्याला पट्टी म्हणजे काय हे कळतं, त्या ॲप्लिकेशनने ठरवावं. पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ नावाच्या लायब्ररीमध्ये डीफॉल्ट रिट्राय शून्य आहे, ते बरोबरच आहे.

ओझरवाला
नाही पटलं. लायब्ररी शून्यावर ठेवली की प्रत्येक जण आपापलं व्हाइल लूप लिहितो. आमच्याकडे एकाने ४०१ वरसुद्धा (ओळख पटली नाही, असं सर्व्हरचं उत्तर) पाच रिट्राय लावले होते. टोकन चुकीचं असताना पाचदा विचारून काय मिळणार?

तुमच्या लायब्ररीने नियम मोडला, त्याचं खापर रिट्रायवर कशाला? एचटीटीपीचं, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचं २०२२ चं प्रमाण, आरएफसी ९११०, सांगतं की गेट (माहिती वाचणं), पुट (नोंद बदलणं), डिलीट (नोंद काढणं) पुन्हा पाठवले तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा धरायचा. पोस्टची तशी खात्री नाही, म्हणून खात्रीचा मार्ग हाताशी नसेल तर ती आपोआप पाठवू नये. पायथनच्याच युआरएललिब३ या लायब्ररीचा रिट्राय तसाच वागतो. कनेक्शनच जुळलं नाही तर पुन्हा प्रयत्न करतो, कारण रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत गेलेलीच नसते. वाचताना तुटलं, तर पोस्टला हात लावत नाही. आणि ज्या रिक्वेस्ट्सचं कौतुक करताय, तिला डीफॉल्ट टाइमआउटही नाही. सर्व्हर गप्प बसला की तुमचा प्रोग्रॅमही बसून राहतो.

सातपूरकर
टाइमआउटचं मान्य. पण गेटही निरुपद्रवी नाही. ॲपमध्ये तीन प्रयत्न, लायब्ररीत तीन, गेटवेवर (मधल्या सर्व्हरवर) तीन: एका क्लिकमागे सत्तावीस रिक्वेस्ट. लायब्ररीतले तीन तर कोणाला दिसतही नाहीत.

गोदाकाठ
मी पलीकडच्या बाजूला असतो, सर्व्हर सांभाळतो. सकाळी लिलाव सुरू व्हायच्या वेळी भावांची सर्व्हिस जरा मंदावली की सगळे क्लायंट एकदम थांबतात आणि एक, दोन, चार सेकंदांनी एकदमच परत येतात. नुसता बॅकऑफ, म्हणजे दर वेळी जास्त थांबणं, पुरत नाही, त्यात जिटर हवाच, म्हणजे प्रत्येकाची थांबायची वेळ थोडी वेगळी. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि शहरातले नाले एकाच तासाला गोदेत उतरले की नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी चढतं. तेच पाणी दिवसभरात वाटून आलं तर घाटावर कोणाला कळतही नाही.

हे घरोघरी लिहून जमत नाही, म्हणून ते लायब्ररीतच हवं. साधा रिट्राय-आफ्टर हेडर घ्या, किती थांबून परत यायचं ते सांगणारा. आम्ही ४२९ (फार रिक्वेस्ट येतायत) किंवा ५०३ (सध्या सेवा देता येत नाही) सोबत तो पाठवतो. त्यात सेकंद असू शकतात किंवा पूर्ण तारीख-वेळ. हाताने लिहिलेले बहुतेक क्लायंट फक्त आकडा वाचतात. तारीख आली की शून्य धरून लगेच धडकतात. सत्तावीसच्या गुणाकारावर उपाय म्हणजे रिट्रायचं बजेट. गुगलच्या एसआरई, म्हणजे सर्व्हिस चालू ठेवणाऱ्या टीमने मांडलेली पद्धत अशी: क्लायंटच्या एकूण रिक्वेस्टमध्ये रिट्राय दहा टक्क्यांवर गेले की पुढचे बंद.

पिंपळगावचा
सातपूरकर दादा, लायब्ररीने रिट्राय केला नाही तर कोण करतं ते आमच्या गाळ्यावर येऊन बघा. दिवाणजी करतात. समोर शेतकरी ताटकळलेला, नेटवर्क गेलेलं, स्क्रीनवर लाल अक्षरं. ते पुन्हा बटण दाबतात, मग पुन्हा. तुमच्या सॉफ्टवेअरला त्या तीन नव्या पट्ट्या वाटतात. लायब्ररीच्या रिट्रायमध्ये निदान तीच रिक्वेस्ट जाते.

आयडेम्पोटन्सी की, म्हणजे एकाच कामाची रिक्वेस्ट ओळखायचा खास क्रमांक, बटण दाबताना बनवू नका. वजन नोंदलं त्या क्षणी बनवा आणि पट्टीबरोबर साठवा. मग माणसाने दाबो की मशीनने, समोरचा सर्व्हर ओळखेल.

सातपूरकर
बटणाचं खरंच सुटलं होतं माझ्याकडून. आमची की प्रत्येक क्लिकला नवी बनते, आजच बदलतो. पण की ओळखायची तर समोरच्याने युनिक कन्स्ट्रेंट (एकच की दोनदा नोंदू न देणारा डेटाबेसचा नियम) लावलेलं हवं. वजन दुरुस्त करून त्याच कीवर वेगळी रक्कम गेली, तर जुनं उत्तर न देता ती नाकारायला हवी. आम्ही विचारलं, तर ते की वाचतच नाहीत. अशा सर्व्हिसपुढे लायब्ररीने मला न विचारता पोस्ट पुन्हा पाठवणं मला आजही मान्य नाही. की दिली तरच रिट्राय, तोही मी चालू केला तर.

ओझरवाला
पोस्टपुरतं मान्य. गेटसाठी मात्र डीफॉल्ट चालूच हवा, यावर मी ठाम आहे. आणि प्रत्येक रिट्राय लॉगमध्ये दिसला पाहिजे. तो दिसत असता, तर दोनदा गेलेले पैसे तुम्हाला शेतकऱ्याच्या आधी कळले असते.