मदत हवी आहे: हँडलवरची टीपीई ग्रिप सोलून निघतेय

घणऐरण
तातडीने मदत हवी आहे. हातात धरायच्या अवजाराचं हँडल बनवतोय. आत कडक प्लास्टिक, वर काळी मऊ ग्रिप. आतला भाग एका मशीनवर काढतो, मग दुसऱ्या साच्यात ठेवून वरून टीपीई (रबरासारखं मऊ प्लास्टिक) मारतो. ग्रिप धरतच नाहीये. कडेला नख घातलं की अख्खी पट्टी हातात येते आणि खालचा पृष्ठभाग एकदम कोरा, कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. तापमान वाढवलं, प्रेशर वाढवलं, होल्ड टाइम वाढवला. शून्य फरक. नमुन्याच्या वेळी हेच घट्ट बसलं होतं. साचे तेच, मशीन तेच. माल पुढच्या आठवड्यात द्यायचाय. कुठली सेटिंग बदलू तेवढं सांगा.

दाणेवाला
कडक प्लास्टिक म्हणजे नेमकं काय? पीपी, एबीएस, नायलॉन? आणि टीपीई कुठल्या ग्रेडचं? हे कळल्याशिवाय सेटिंग सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

घणऐरण
नायलॉन, ३० टक्के ग्लास फिल्ड (काचतंतू मिसळलेलं). टीपीई आमचं नेहमीचंच, कडकपणा ६० शोअर ए.

जुना_टूलरूम
ग्रेडच्या मागे लागू नका. मी आयुष्यभर साचे केले, माझा विश्वास फक्त मेकॅनिकल लॉकवर. आतल्या भागाला आरपार भोकं द्या, टीपीई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला डोकं धरू दे. कडेला अंडरकट, म्हणजे आत वळलेली खोबण द्या. मग खाली नायलॉन असो की पत्रा, ग्रिप फाटेल पण निघणार नाही.

दाणेवाला
दादा, भोकांनी ग्रिप जागेवर राहते हे मान्य. पण दोन भोकांच्या मध्ये ती सुटीच असते. हात दाबला की हलते, खाली घाम आणि तेल शिरतं आणि काही महिन्यांत फुगा येतो. लॉक हवाच, पण चिकटण्याच्या जोडीला.

दोनशॉट
हे इन्सर्टचं, म्हणजे भाग उचलून दुसऱ्या साच्यात ठेवायचं लफडंच सोडा. फिरत्या टेबलाचं टू-शॉट मशीन घ्या. पहिला भाग गरम असतानाच दुसरा शॉट बसतो, मध्ये कुणाचा हात लागत नाही, धूळ नाही, ओल नाही. आम्ही सगळं काम तिकडे वळवलं.

घणऐरण
अहो, माल पुढच्या आठवड्यात द्यायचाय. नवीन मशीनचा विषयच नाही.

मी_अनामिका
आतले भाग काढल्यावर किती वेळाने टीपीई मारता? नायलॉन हवेतली ओल पितं. साधं नायलॉन ६ नुसतं ५० टक्के आर्द्रतेत ठेवलं तरी हळूहळू अडीच-तीन टक्के पाणी धरतं, ग्लास फिल्ड थोडं कमी. गरम टीपीई वर आलं की त्या ओलीची वाफ होते आणि बरोबर सांध्यात अडकते. आमच्याकडे सकाळी काढलेले भाग धरायचे आणि शनिवारपासून क्रेटमध्ये पडलेले सुटायचे. पट्टी सोलली की खाली मोहरीएवढे चकचकीत खळगे दिसायचे. आता आम्ही भाग ८० अंशांवर वाळवतो आणि गरम असतानाच साच्यात ठेवतो.

घणऐरण
दोन-तीन दिवस पडून असतात. पण खळगे नाहीत, सपाट आहे. आणि नमुन्याचे भागही असेच पडून होते की.

हिरवी_वाट
थोडं अवांतर. दोन वेगळी प्लास्टिकं अशी कायमची जोडली की ती वस्तू पुनर्वापरातून बाद होते, वेगळी करायला कुणाला परवडत नाही. ग्रिप ओढून काढता येण्यासारखी केली तर नाही का चालणार?

दोनशॉट
अवजाराची ग्रिप निघाली तर हात कापेल. पुनर्वापराचा विचार इथे नको.

हिरवी_वाट
इथे नको तर कुठे? डिझाइनच्या वेळीच करायचा असतो तो.

जुना_टूलरूम
धागाकर्ते, एक विचारतो. साचे तेच म्हणता. नमुन्याच्या वेळीही आत नायलॉनच होतं का?

घणऐरण
नाही, तेव्हा पीपी होतं. हँडल वाकतं म्हणून ग्राहकाने नायलॉन मागितलं. पण टीपीई तर तेच आहे ना?

दाणेवाला
हेच पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! तुमचं "नेहमीचं" टीपीई बहुधा एसईबीएसचं (एक रबरी प्लास्टिक) आहे आणि त्यात पीपी मिसळलेलं असतं. खाली पीपी असलं की गरम शॉट त्याची वरची कातडी वितळवतो, दोन्हीकडचं पीपी एकमेकांत मिसळतं आणि एकजीव होतं. नायलॉन ध्रुवीय, तुमचं टीपीई अध्रुवीय. तापमान कितीही वाढवा, ती दोन तेल-पाण्यासारखी, मिसळणार नाहीत. नायलॉनवर बसणारी सुधारित ग्रेड वेगळी मिळते, तीच मागवा. मागवताना नायलॉन ६ की ६६, ग्लास किती, हीट स्टॅबिलायझर आहे का, सगळं कळवा, कारण तशा नायलॉनवर या ग्रेडसुद्धा कधीकधी रुसतात. काळा मास्टरबॅच (रंगाचे दाणे) कुठल्या कॅरियरचा, म्हणजे रंग धरणाऱ्या प्लास्टिकचा आहे तेही बघा. चुकीचा कॅरियर सांध्यातच येऊन बसतो.

जुना_टूलरूम
आणि माझा मुद्दा पुढचा. पीपी दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, तुमचं नायलॉन अर्ध्या टक्क्याच्या आगेमागे. म्हणजे त्याच साच्यातून नायलॉनचा भाग मोठा निघतो, ३० मिमीमागे साधारण ०.३ मिमी. तो दुसऱ्या साच्यात सहज बसतो का?

घणऐरण
नाही, दाबून बसवावा लागतो. म्हणून पोरं आधी सिलिकॉन स्प्रे मारतात.

मी_अनामिका
सिलिकॉन स्प्रे? ज्या भागावर टीपीई चिकटवायचंय त्याच भागावर? आजच बंद करा. आधी फवारलेले भाग बाजूला काढा, पुसून नीट जात नाही ते.

ऑइलसील
टीपीईऐवजी लिक्विड सिलिकॉन का नाही वापरत? त्यासाठी नायलॉन उत्तम, दीडशे अंशांच्या वरचं क्युरिंग सहज सोसतं. उष्णतेलाही टीपीईपेक्षा कितीतरी चांगलं.

दाणेवाला
त्यासाठी वेगळं मशीन आणि वेगळा साचा लागतो. इथे प्रश्न तो नाही.

रेषा_वक्र
माझाही एक प्रश्न, पीओएमच्या (एक कडक, गुळगुळीत प्लास्टिक) गिअरवर टीपीई बसेल का?

दाणेवाला
पीओएमला फार कमी ग्रेड चिकटतात. तिथे जुना_टूलरूम यांची भोकंच कामी येतील. नवा धागा काढा, सविस्तर बोलू.

घणऐरण
अपडेट. ग्राहकाकडून मुदत वाढवून घेतली. नायलॉनच्या ग्रेडचं थोडं टीपीई मागवून आज ट्रायल घेतली. स्प्रे बंद, शटऑफची (साचा भागावर टेकून बंद होतो ती कड) एक बाजू घासून भाग सैल बसवला, भाग ९० अंशांवर गरम करून ठेवले. मधली पट्टी पकडीने ओढली तर टीपीई स्वतःच फाटलं, नायलॉनवर काळे लचके राहिले. पण कडेची तीन-चार मिमी अजून उचलते.

दाणेवाला
लचके राहिले म्हणजे मधला सांधा टीपीईपेक्षा मजबूत झाला. ग्राहकाला आकडा हवा असेल तर व्हीडीआय २०१९ नावाची मार्गदर्शिका याच सोलण्याच्या चाचणीसाठी आहे.

जुना_टूलरूम
कडेला टीपीईची जाडी किती ठेवलीय?

घणऐरण
निमुळती होत शून्यावर येते. दिसायला छान दिसतं म्हणून.

जुना_टूलरूम
तिथेच सुटतं. तेवढ्या पातळ थराला धरायच्या आधीच थंडी लागते, आणि नखाला घुसायला जागा मिळते. आतल्या भागाला पायरी द्या, निदान अर्धा मिमी खोल. टीपीई त्या पायरीला काटकोनात टेकून संपू दे आणि त्याचा वरचा काठ नायलॉनच्या पातळीत किंवा केसभर खालीच ठेवा.

घणऐरण
म्हणजे पहिल्या साच्यातही काम आलं. उद्या सकाळी उतरवतो. पायरी सगळीकडून देऊ की फक्त अंगठ्याच्या बाजूने?

जुना_टूलरूम
सगळीकडून. आणि कोपऱ्यांत गोलाई विसरू नका.