लिनक्स क्लॉक फ्रेमवर्क: बिल्ट-इन ड्रायव्हर चालतो, मॉड्यूल केला की बोर्ड गोठतो

बूटलाइन:
आर्म बोर्डवरच्या एसपीआय (चिप्समधली सिरियल बस) कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे. बिल्ट-इन (कर्नलमध्येच जोडलेला) ठेवला तर प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसशी जुळल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आयडी रजिस्टर बरोबर वाचलं जातं. तोच मॉड्यूल म्हणून इन्समॉड केला (चालू कर्नलमध्ये घातला) की पहिल्याच रीडएलला (रजिस्टर वाचायला) बोर्ड गोठतो, कन्सोलवर एक अक्षर येत नाही. कर्नल कमांड लाइनवर सीएलके_इग्नोर_अनयूज्ड (न वापरलेली क्लॉक बंद करू नका) टाकलं की मॉड्यूलही चालतो. डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरच्या वर्णनात) 'बस' आणि 'कोअर' अशी दोन क्लॉक (ब्लॉकला ठोके देणारे सिग्नल) दिली आहेत; प्रोब फक्त 'कोअर' घेऊन सुरू करतो.
दुसरं म्हणजे, कोअरला १०० मेगाहर्ट्झ मागितले, सीएलके_सेट_रेटने ० परत दिला, पण सीएलके_गेट_रेट ९६ सांगतं. पेरेंट, म्हणजे ज्या क्लॉकवरून कोअर निघतं ते, १९२ वर आहे.

गेटेड:
गोठण्याचं कारण 'बस' क्लॉक. बूटलोडरने ते चालूच सोडलेलं असतं. बिल्ट-इन ड्रायव्हरचा प्रोब बूटच्या मधेच होतो, म्हणून त्याला ते आयतं मिळतं. बूटच्या शेवटी, लेट_इनिटकॉल_सिंकच्या टप्प्यात, ज्यांचा एनेबल काउंट (किती जणांनी चालू मागितलंय तो आकडा) ० आहे अशी चालू क्लॉक कर्नल बंद करतो. मॉड्यूल त्यानंतर येतो. क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला गेलं की काही चिपवर अ‍ॅबॉर्ट येतो, काहींवर बस उत्तराची वाट पाहत अडकते. तुमची दुसऱ्या जातीची.
म्हणजे बिल्ट-इनही सुरक्षित नाही! बूट संपल्यावरच्या पहिल्या ट्रान्सफरला तोही अडकेल.
डीबगएफएस (कर्नलची डीबगिंगची फाइलसिस्टम) माउंट करून सीएलके_समरी फाइल पाहा, 'बस'चा एनेबल काउंट ० दिसेल. प्रोबमध्ये आधी 'बस', मग 'कोअर', दोन्ही डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्डने (क्लॉक घेऊन लगेच चालू करणारं, ड्रायव्हर निघाला की आपोआप बंद करणारं फंक्शन) घ्या. चूक परत आली तर डेव्ह_एरर_प्रोबला द्या, म्हणजे प्रोब-डिफर (लागणारी गोष्ट अजून तयार नाही, नंतर पुन्हा प्रोब करा) आला तर लॉगमध्ये उगाच एरर छापली जात नाही. इग्नोर_अनयूज्ड फक्त निदानासाठी. ते ठेवून बोर्ड पाठवू नका.

विभाजक:
९६ चं गणित साधं आहे. पूर्णांक डिव्हायडर १९२ ला १ ने भागून १९२ देतो, २ ने भागून ९६. डिव्हायडर सहसा मागितलेल्या दराच्या वर जात नाही, म्हणून ९६. सेट_रेटचा ० म्हणजे 'जमेल तो दर लावला', 'नेमका तोच लावला' असा नव्हे. आधी सीएलके_राउंड_रेटने विचारा, आणि एसपीआयचा अंतर्गत डिव्हायडर गेट_रेटच्या आकड्यावरून काढा. क्लॉक ड्रायव्हरमध्ये सीएलके_सेट_रेट_पेरेंट फ्लॅग असेल तर पेरेंटचाही दर बदलू शकतो. त्याच पेरेंटवर दुसरं काय लटकलंय ते आधी सीएलके_समरीत पाहा.

बूटलाइन:
'बस' घेतल्यावर मॉड्यूल चालला. आता वीज वाचवायला इंटरप्ट हँडलरमध्ये प्रिपेअर_एनेबल केलं तर 'स्लीपिंग फंक्शन'ची तक्रार येते.

गेटेड:
प्रिपेअर म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारं कुलूप) घेतं, झोपू शकतं; इंटरप्ट हँडलरमध्ये झोपता येत नाही. एनेबल स्पिनलॉकवर (न झोपता घ्यायच्या कुलपावर) चालतं. प्रिपेअर प्रोबमध्येच करा, हँडलरमध्ये फक्त एनेबल-डिसेबल. मात्र क्लॉक एसआय५३५१ सारख्या आयटूसी चिपमधून येत असेल, तर खरं चालू-बंद प्रिपेअरमध्येच होतं, कारण आयटूसी व्यवहार झोपतो. तिथे नुसत्या डिसेबलने काहीच वीज वाचत नाही. रनटाइम पीएम (डिव्हाइस रिकामं असताना त्याला सस्पेंड करणारी कर्नलची सोय) वापरा. आणि सस्पेंडमध्ये स्वतः डिसेबल करणार असाल तर गेट_एनेबल्ड काढून साधं डेव्हएम_सीएलके_गेट घ्या. नाहीतर डिव्हाइस सस्पेंडमध्ये असताना मॉड्यूल काढला की तेच क्लॉक दुसऱ्यांदा बंद होतं आणि 'ऑलरेडी डिसेबल्ड' असा वॉर्न येतो.