गोलीय थरातील अभिसरण: चतुष्फलक की घन, हे कशावरून ठरते?

कातळकडा
सपाट थर खालून तापवला की ठरावीक रॅले संख्येनंतर (उष्णतेमुळे मिळणारा उठाव आणि त्याला रोखणारे घटक यांच्या तुलनेचे माप) त्यात अभिसरणाच्या, म्हणजे चढत्या-उतरत्या प्रवाहाच्या, पेशी उमटतात, हे बेनार यांच्या १९०० च्या प्रयोगांपासून आणि रॅले यांच्या १९१६ च्या विश्लेषणापासून ज्ञात आहे. माझा प्रश्न दोन समकेंद्री गोलांमधल्या थराचा आहे. आतला गोल उष्ण, बाहेरचा थंड, गुरुत्व केंद्राकडे आणि परिवलन शून्य. सर्व दिशा सारख्याच असताना संगणकीय चित्रांत वर चढणारे उष्ण स्तंभ कधी चतुष्फलकाच्या चार, तर कधी अष्टफलकाच्या सहा शिरोबिंदूंवर (म्हणजेच घनाच्या सहा पृष्ठांच्या मध्यांवर) का दिसतात? रेषीय स्थिरतेच्या गणितातून केवळ कोनीय क्रमांक ‘एल’ (गोलावरची आकृती किती बारीक विभागली आहे हे सांगणारी संख्या) हाती येतो, आकृती येत नाही. शिवाय, दख्खनच्या बेसाल्टशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखालचा उष्ण स्तंभ अशा एखाद्या बहुफलकाचा शिरोबिंदू मानता येईल का?

समकेंद्री
रेषीय गणिताने आकृती द्यावी ही अपेक्षाच ठेवता येत नाही. एका ‘एल’ला (२ × एल + १) गोलीय संनादी (गोलावरच्या मूलभूत तरंग-आकृत्या) असतात आणि त्या सर्वांची क्रांतिक रॅले संख्या, म्हणजे जिथे अभिसरण सुरू होते ते मूल्य, एकच असते. ‘एल’ चार असेल तर नऊ आकृत्या एकाच क्षणी अस्थिर होतात, आणि त्यांचे कोणतेही मिश्रण रेषीय समीकरणाला तितकेच मान्य असते.

‘एल’ मात्र थराच्या जाडीवरून बराच अचूक अजमावता येतो. आतली त्रिज्या बाहेरच्या त्रिज्येच्या निम्मी असेल, तर मध्यत्रिज्या जाडीच्या दीडपट भरते. सीमा घर्षणरहित असताना सपाट थराचा क्रांतिक तरंगांक, जाडी एक मानून, २.२२ असतो. दोहोंचा गुणाकार ३.३३, त्याचा वर्ग सुमारे ११, आणि ‘एल × (एल + १)’ ही राशी ११ च्या सर्वांत जवळ ‘एल’ तीन असताना येते. सीमा दृढ असतील तर तरंगांक ३.१२ होतो आणि त्याच रीतीने ‘एल’ चार मिळतो. थर पातळ होत गेला की ‘एल’ वाढतो आणि पर्यायांची गर्दीही.

निवड अरेषीय पदे करतात. १९७५ मध्ये बुसे यांनी याची पद्धतशीर मांडणी केली. ‘एल’ सम असेल तर तीन संनादींच्या गुणाकाराचे गोलावरील समाकलन शून्य होत नाही, म्हणून आयामाच्या (प्रवाहाच्या तीव्रतेच्या) समीकरणात सामान्यतः वर्गपद उरते आणि चढता प्रवाह व उतरता प्रवाह यांच्यात भेद पडतो. ‘एल’ चारसाठी घनाची आणि सहासाठी विंशतिफलकाची सममिती पुढे येते ती यामुळे. ‘एल’ विषम असेल तर ते समाकलन शून्य होते, आणि निर्णय आयामाच्या तिसऱ्या घाताच्या पदांकडे जातो.

लहरवेध
प्रयोगाची बाजू मांडतो, कारण ती फारशी चर्चिली जात नाही. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत गुरुत्व खाली ओढते, गोलाच्या केंद्राकडे नव्हे, त्यामुळे ही समस्या टेबलावर जशीच्या तशी उभी करता येत नाही. कॉटबुस येथील विद्यापीठाच्या पुढाकाराने आखलेला ‘जिओफ्लो’ हा प्रयोग म्हणूनच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या कोलंबस कक्षात २००८ मध्ये सुरू झाला. दोन गोलांमध्ये विद्युतरोधी द्रव भरून त्यांच्यात उच्च दाबाचे प्रत्यावर्ती विद्युतक्षेत्र लावले जाते. थंड द्रवाची विद्युतपारगम्यता अधिक असल्याने तो तीव्र क्षेत्राकडे, म्हणजे आतल्या गोलाकडे, ओढला जातो आणि केंद्रगामी कृत्रिम गुरुत्व तयार होते. मात्र हे बल त्रिज्येच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते. पहिल्या टप्प्यात सिलिकोन तेल होते. २०११ मधल्या दुसऱ्या टप्प्यात नोनॅनॉल वापरले, कारण त्याची श्यानता (दाटपणा) तापमानानुसार लक्षणीय बदलते आणि त्यामुळे पृथ्वीच्या प्रावरणाशी (कवच व गाभा यांमधल्या थराशी) साम्य वाढते.

कातळकडा
दोघांचेही आभार. मग एकाच रॅले संख्येला चतुष्फलक आणि घन, दोन्ही मिळू शकतात का?

समकेंद्री
होय. रॅले संख्या ७००० असताना या दोन्ही आकृत्या स्थिर राहतात, इतक्या की प्रावरणाचे नवे संगणकीय प्रारूप तपासण्यासाठी त्या प्रमाण उदाहरणे म्हणून वापरल्या जातात. कोणती मिळेल हे आरंभीच्या तापमान-विक्षोभावर (सुरुवातीला तापमानात केलेल्या छोट्या फेरफारावर) अवलंबून असते. ‘एल’ तीनचा विक्षोभ पेरला तर चतुष्फलक, चारचा पेरला तर घन.

रियुनियनबाबत मात्र माझे मत स्पष्ट नकारार्थी आहे. या सुबक आकृत्या क्रांतिक मूल्याच्या साधारण शंभरपटीपर्यंतच्या आहेत, तर प्रावरणाची रॅले संख्या एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक मानली जाते. तेथे प्रवाह काळानुसार बदलत राहतो. किरणोत्सर्गामुळे आतूनही उष्णता निर्माण होते, ६६० किलोमीटर खोलीखाली श्यानता वाढते आणि वर कठीण भूपट्ट आहेत. भूकंपलहरींच्या प्रतिमांत खालच्या प्रावरणात दोन प्रचंड मंदवेगी प्रदेश दिसतात, एक आफ्रिकेखाली आणि दुसरा प्रशांत महासागराखाली, म्हणजे प्रधान ‘एल’ दोन. रियुनियनचा स्तंभ आफ्रिकेखालच्या प्रदेशाच्या कडेजवळ येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या उद्रेकांचे मूळ शोधायचे असेल, तर बहुफलकाचे शिरोबिंदू मोजण्यापेक्षा ती कड स्तंभांना जन्म का देते, हे तपासणे अधिक फलदायी ठरेल.